वीस दिवसांचा चुना

रालिकच्या चुलीमागच्या भिंतीत ‘टच्’ झालं तेव्हा तिला वाटलं, जळणातली काडी फुटली. तिनं जवाची पेज ढवळली, पळी चाटली आणि दाताखाली कचकन काहीतरी आलं. थुंकून बघते तर गिलाव्याची खपली. तिनं मान वर केली. पातेल्याच्या बरोब्बर वर, जिथं रोज वाफ लागायची तिथं, भिंतीला नखाएवढा खळगा पडला होता. खळग्याच्या तळाशी मोहरीएवढा पांढरा दाणा.

तिनं तो कोरून काढला, चिमटीत धरून दाबला. त्याचं पीठ झालं.

पेज तशीच चुलीवर राहिली. रालिकची भूकच मेली.

भिंतीला फासलेला तो चुना तिच्याच कुंडातला होता. महिना-दीड महिन्यापूर्वी घमेल्यात उरलेला तिनं खरवडून इथं लावला होता. आणि त्याच घमेल्यातला बाकीचा चुना कुठं गेला ते तिला पक्कं ठाऊक होतं. वर टेकडीवर, विहाराच्या अंगणात, नव्या कोनाड्यातल्या मूर्तींच्या तोंडांवर. मधल्या बुद्धाच्या तोंडावर सुद्धा.

हड्डा गावच्या विहाराला चुना पुरवायचं काम तिच्याकडं आईकडून आलं होतं. टेकडीच्या पायथ्याशी दोन कुंडं. दगड भाजायचा, पाण्यात विझवायचा, कुंडात ओतायचा, वर वाळू पसरायची आणि तीन महिने तिकडं बघायचं सुद्धा नाही, मग काढायचा तोही गाळून. कारण भाजलेल्या दगडात काही दाणे हट्टी असतात. बाकीचे विझले तरी ते विझत नाहीत. कुंडात पडून राहिले तर सावकाश पाणी पितात, फुगतात, मऊ होतात. पण घाई करून बाहेर काढले तर ते मूर्तीत जाऊन बसतात. तिथं हवेतला ओलावा थेंबथेंब पीत राहतात आणि एक दिवस फुगून फुटतात. वरचा थर घेऊनच उडतात. आज उडतील, पाच महिन्यांनी उडतील, काही नेम नाही.

हे सगळं रालिकला चालायला यायच्या आधीपासून माहीत होतं. आणि तरी तिनं वीस दिवसांचा चुना काढून दिला होता. न गाळता.

का? तर राग.

त्या दिवशी मेनंद स्वतः कुंडावर आला होता. मेनंद म्हणजे विहाराचा मोठा कारागीर. चाळीस वर्षं त्यानं मातीच्या गाभ्यावर चुना चढवून तोंडं घडवली होती. हड्ड्यात असा भिक्खू नव्हता, ज्यानं मेनंदच्या हातच्या बुद्धासमोर डोकं टेकवलं नव्हतं. त्याच्याबरोबर पाच-सहा गडी होते.

“चुना काढ,” तो म्हणाला.

“जुनं कुंड संपलं, काका. स्तूपाला पांढरा रंग दिला ना तुमच्या भंतेंनी, त्यात गेलं सगळं. पलीकडच्या टेकडीवरच्या विहारात जुना चुना आहे. मागून आणते. दोन दिवस थांबा.”

“दोन दिवस? माझे गाभे वाळून तडकायला लागलेत. हे दुसरं कुंड काय शोभेला आहे?”

“ते अजून...”

तिला पुरं बोलूही न देता मेनंद गड्यांकडं वळून म्हणाला, “बघा रे. हिच्या आईला सांगावा धाडायची गरज नसायची. मी उठायच्या आत घमेलं दारात. हिला आईची कुंडं मिळाली. अक्कल तेवढी तिच्याबरोबर गेली.”

गडी हसले. एक तर खोरं टाकून हसला.

रालिकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं वाळू दोन्ही हातांनी उपसली, घमेलं बुडवलं आणि त्याच्या पायाशी आदळलं. “घ्या! पोटभर लिंपा! परत माझ्या आईचं नाव काढू नका!”

राग उतरला तोवर सूर्य कलला होता. ती धावत टेकडी चढली तर तोंडं लिंपून झालेली. मेनंद बुद्धाच्या ओठाला बोटानं शेवटचा वळसा देत होता. इतक्या मऊ हातानं, की ज्या तोंडानं त्यानं सकाळी ती शिवी दिली ते याच माणसाचं हे पटू नये. जे सांगायला आली होती ते तिनं सांगितलंच नाही. होईल नीट, म्हणाली मनात. सगळेच दाणे थोडेच फुटतात.

दिवसांमागून दिवस गेले. तिनं स्वतःला समजावलं, झालं, निभावलं.

आणि आता हे पेजेतलं टच्.

ती तशीच उठून वर गेली. पौर्णिमेला बारा दिवस होते. पौर्णिमेला बुद्धाच्या डोळ्यांत बुबुळं रंगवायची, मग गंध-फुलं, मग कोनाडा सगळ्यांना खुला. तोवर समोर पडदा. ती पडदा सरकवून आत शिरली.

मधे बुद्ध. लाटालाटांचे केस मागं वळवून बांधलेले, चीवराच्या चुण्या ओल्या कापडासारख्या अंगाला चिकटलेल्या. त्याच्या डाव्या हाताला दोन भिक्खू. उजवीकडं त्याचा रक्षक वज्रपाणी, दाढीवाला, पैलवानासारखा, खांद्यावर सिंहाचं कातडं. मेनंदच्या घराण्यात वज्रपाणी असाच. सिंह कशाला, म्हणून कुणी विचारलं तर मेनंद म्हणायचा, “पार समुद्रापलीकडून आलेल्या आमच्या यवन खापरपणज्यानं असाच बघितला होता. तुम्ही वेगळा बघितला असेल तर सांगा.” आणि खाली गुडघे टेकून हात जोडलेला वक्षबंद, जवळच्या नगरहार शहरातला घोड्यांचा व्यापारी. कोनाडा त्यानंच दान केला होता. शेजारी त्याची बायको ननाया.

रालिकनं एकेक तोंड जवळून बघितलं. नाकपुड्या, पापण्या, कानाच्या पाळ्या. तिची नजर घारीची. केसाएवढी भेग सुटत नसे. काही नव्हतं. सगळी तोंडं गुळगुळीत, शांत. ती शांतता बघून तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी गेली. काही नाही. तिसऱ्या दिवशी गेली तर मेनंद आत होता. पाठमोरा. धाकट्या भिक्खूच्या मूर्तीच्या गालावर वाकून काहीतरी करत होता. तिची चाहूल लागली तसा त्यानं हात पाठीमागं घेतला. बोटाला मेण लागलेलं.

“काय झालं, काका?”

“काही नाही. माशी बसली होती.”

गालावर मेणाचा डाग होता. वाटाण्याएवढा.

“माशी?”

“तू तुझी कुंडं सांभाळ. इथं काय काम तुझं रोज रोज?” तो खेकसला. पण खेकसण्यात जोर नव्हता. मग त्यानं आपला उजवा हात डाव्या हातात घेतला आणि बघत राहिला, जसं एखादं जुनं जनावर चालेनासं झाल्यावर मालक बघतो तसं.

हात थरथरत होता. गेल्या हिवाळ्यापासून थरथरायचा. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. म्हणजे त्याच्यासमोर बोलत नव्हतं. मागं थोर भिक्खू कुजबुजायचे की पुढच्या मोठ्या स्तूपाला तक्षशिलेहून माणसं आणावीत, म्हाताऱ्याचं आता झालं.

रालिक घरी आली आणि उंबऱ्यावरच बसली. आता तिला सगळं स्वच्छ दिसलं. तोंडं फुटणार. एक फुटलंच. आणि चुन्यावर कुणाचा संशय जाणार नाही, कारण तिच्या घराण्यानं तीन महिने कधी मोडले नव्हते. संशय जाणार त्या हातावर. बुद्धाचं तोंड फुटलं तर मेनंदला पुन्हा कुणी चुन्याला हात लावू देणार नाही. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नको होतं.

आणि ती बोलली तर? कच्चा चुना देणाऱ्याचं कुंड जातं. मग ते कुणाच्या आईचं होतं, हे विहार बघत नाही.

ती रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. वर जायची. मेनंद मेण घेऊन बसलेला असायचा. तो एक शिवी घालेल, मग मी चिडेन, मग तोंडातून निघेल, असं तिला वाटायचं. पण तो शिव्याच घालेना. “ये,” म्हणायचा. “बस.” रालिकला ते ऐकवत नव्हतं. ती तोंड फिरवून खाली यायची. खाली चुलीमागच्या भिंतीवर दोनाचे तीन खळगे झालेले, तिनाचे पाच.

पौर्णिमेला सहा दिवस राहिले आणि वक्षबंद शेठ येऊन थडकला. स्वतःला बघायला. बरोबर ननाया, चार नोकर आणि बेदाण्यांची पोती. त्यांना घेऊन भदंत धर्मश्रव अंगणात आले. विहाराचं बांधकाम त्यांच्याकडं होतं. वाळकुडं शरीर, चीवराला कायम चुन्याचे डाग, आवाज इतका हळू की समोरच्याला वाकावं लागे.

मेनंद आडवा आला. “पौर्णिमेलाच बघा, शेठ. आधी बघणं बरं नसतं.”

“अरे, माझं तोंड मी बघायला काय मुहूर्त लागतो?” म्हणत वक्षबंदनं पडदा ओढला.

आणि एक पाऊल मागं सरला.

त्याच्या मूर्तीच्या नाकाचा शेंडा उडाला होता. नुकताच. खपली खाली पडलेली, आणि नाकाच्या जागी खड्डा. कपाळावर अजून एक. मेनंदला मेण लावायला वेळच मिळाला नव्हता.

“हे काय आहे?” वक्षबंद म्हणाला. “मला देवी आल्यात का?”

ननाया पुढं झाली, डोकं वाकडं करून बघितलं. “नाक जरा लहान झालं. पण एका अर्थी बरंच झालं म्हणायचं.”

“तू गप्प बस!”

“मी कुठं काय म्हणाले? माझं नाक शाबूत आहे.”

भदंत हळूच म्हणाले, “मेनंद, हे कसं झालं?”

रालिक पडद्याच्या कडेला उभी होती. मेनंद आता ओरडेल, तिनं मनात म्हटलं. कुणाच्या तरी अंगावर जाईल. माझ्याच अंगावर येऊ दे.

मेनंदनं मान खाली घातली. “हात, भंते,” तो म्हणाला. “पूर्वीसारखा दाब बसत नाही. आत हवा राहिली असणार. मला कळायला हवं होतं. मीच सांगायला हवं होतं तुम्हाला, की आता दुसरं कुणीतरी बघा.”

“म्हणजे थरथऱ्या म्हाताऱ्याकडून करून घेतलंत माझं काम?” वक्षबंद भदंतांवर उखडला. “तक्षशिलेला काय दुष्काळ पडलाय कारागिरांचा? चालता येत नाही त्या घोड्याला कुणी शर्यतीत...”

“ए शेठ, तोंड आवर!”

सगळे वळले. रालिक पडदा सोडून मधे आली होती. कान तापले होते तिचे.

“घोडा कुणाला म्हणतोस? यांच्या बोटाच्या पेराची सर नाही तुझ्या अख्ख्या तबेल्याला! हात चांगला आहे त्यांचा. चुना कच्चा होता. माझा चुना. वीस दिवसांचा. न गाळलेला. मी दिला, जाणूनबुजून दिला, रागानं दिला. झालं? आता बोल मला काय बोलायचं ते.”

गडी एकमेकांकडं बघू लागले.

पहिला मेनंद बोलला. आणि जे बोलला ते तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

“रालके, जा घरी,” तो म्हणाला. “माझी कीव करू नकोस.”

“कीव? काका, मी खरं सांगतेय!”

“तुझ्या आईच्या कुंडातून कच्चा चुना कधी निघाला नाही. निघणार नाही. उगाच म्हाताऱ्यावर पांघरूण घालायला खोटं बोलतेस. भंते, पोर चांगली आहे, पण हिचं ऐकू नका.”

रालिकला रडू का हसू कळेना. सहा दिवस जी गोष्ट गळ्यात काट्यासारखी अडकली होती ती काढून समोर टाकली, तर कुणी बघायला तयार नाही! तिनं मेनंदचं मनगट धरलं. “चला.”

“कुठं?”

“माझ्या घरी. सगळे चला. शेठ, तू पण चल.”

आणि खरंच सगळे निघाले. पुढं म्हाताऱ्याला ओढणारी रालिक, मागं भदंत, मागं फुत्कारणारा शेठ, मागं ननाया, मागं कामं टाकून आलेले गडी. रालिकच्या घरात चौघं मावत नव्हते तिथं दहा जण शिरले. वक्षबंदचं डोकं छताला टांगलेल्या कांद्यांना लागलं.

“बघा,” रालिक म्हणाली.

चुलीमागच्या भिंतीवर सात खळगे होते.

“हा त्याच घमेल्यातला चुना. त्याच दिवशीचा. ही भिंत कुणी लिंपली? तुम्ही? तुमचा हात लागला हिला? सांगा ना!”

मेनंद भिंतीजवळ गेला. एका खळग्यात करंगळी घातली, दाणा काढला, जिभेवर ठेवला, थुंकला. मग दुसरा. मग दोन्ही हात समोर धरून उलटेसुलटे करून बघितले.

“चार दिवस,” तो म्हणाला. “चार दिवस मी माझ्या हातांना शिव्या घालतोय.”

“काका...”

“सटवे!” तो गरजला. छतावरून माती पडली. “चेटकिणी! माझा बुद्ध नासवलास! इतके दिवस तोंड शिवून बसलीस? तुझ्या जिभेला एरवी हाड नसतं, आणि नेमकी तेव्हा मुकी झालीस?”

तो ओरडत राहिला आणि रालिक मान खाली घालून ऐकत राहिली. बऱ्याच दिवसांनी तिला नीट श्वास घेता आला.

भदंत म्हणाले, “कुंडाचं नंतर बघू. आधी सांग, बुद्धाच्या तोंडात असे किती दाणे आहेत?”

“नाही सांगता येत, भंते.”

“फुटतील कधी?”

“उद्या. पावसाळ्यात. लोक हात जोडून बसले असताना. काय सांगू?”

“मग सगळं तोंड खरवडून नवं करावं?”

“सहा दिवसांत वाळणार नाही,” मेनंद म्हणाला. “ओल्या चुन्यावर डोळे रंगवायचे म्हणजे पुढच्या महिन्यात बुद्ध रडायला लागेल.”

रालिक भिंतीकडं बघत होती. तिची ती घारीची नजर एका जागी अडली होती. चुना तिनं आख्ख्या भिंतीला फासला होता. दारापासून कोपऱ्यापर्यंत. पण सातही खळगे एकाच ठिकाणी होते. पातेल्याच्या वर. बाकी भिंत साफ.

“वाफ,” ती म्हणाली.

“काय?”

“दाण्यांना पाणी हवंय. इथं वाफेनं मिळालं म्हणून इथं आधी फुटले. वर पण देऊ. गरम पाण्यातून लोकरीचे जाड नमदे पिळून तोंडांजवळ धरू. जे फुटायचे ते आत्ता फुटू देत, आपल्या डोळ्यांसमोर. मग पलीकडच्या विहारातला जुना चुना आणून खळगे भरू. तेवढं वाळेल चार दिवसांत.”

वक्षबंदनं डोळे वटारले. “बुद्धाला उकडणार तुम्ही?”

“आधी यांना उकडा,” ननाया म्हणाली. “सोसलं तर मग बुद्धाला.”

मेनंद मात्र मान हलवत होता. “आतला गाभा मातीचा आहे, पोरी. माती आणि भुसा. ओल आत उतरली तर मान गळून पडेल. मग खळगे भरायला तोंडच राहणार नाही.”

सगळे भदंतांकडं बघू लागले. त्यांनी खळग्यातलं पीठ बोटानं पुसलं. “डोळे उघडल्यावर फुटलं तर लोक म्हणतील, अपशकुन. आत्ता फुटलं तर गिलावा आहे,” ते म्हणाले. “करा. मेनंद, मानेवर हात तुझा. तू थांब म्हणालास की थांबायचं.”

त्याच दुपारी अंगणात चूल मांडली. गडी पलीकडच्या टेकडीवर जुन्या चुन्याला गेले. पहिला नंबर खरोखरच वक्षबंदचा लागला. नमद्याचा वाफाळता तुकडा त्याच्या चुन्याच्या तोंडासमोर धरला आणि अर्ध्या घटकेत, टच्, टच्. गालाचा तुकडा, भुवईचा तुकडा. खरा वक्षबंद प्रत्येक टच्‌ला आपलं तोंड चाचपून बघत होता. ननायाच्या मूर्तीला तीन खळगे पडले तेव्हा मात्र तिचं हसू थांबलं. वज्रपाण्याची दाढी उडाली, सिंहाचा एक कान गेला. भिक्खूंचे मिळून नऊ. रालिक एकेक दाणा कोरून काढायची, पानावर ठेवायची. चारपेक्षा कमी कुणाच्याच तोंडात नव्हते, ननाया सोडून.

दुसऱ्या सकाळी बुद्ध.

रालिकनं नमदा पिळला. हात पोळले, पण तिला कळलं नाही. नमदा गालापासून चार बोटांवर धरून ती कान लावून उभी राहिली. मेनंद बाजूच्या फळीवर चढून मागं गेला होता. त्याचा एक तळवा बुद्धाच्या मानेवर.

काही नाही.

नमदा बदलला. पुन्हा काही नाही. वाफ चुन्यावर चढायची, पाण्याचे थेंब गालावरून ओघळायचे, आणि आतून चकार आवाज नाही. दुपार झाली. भिक्खूंचं जेवण झालं, ते येऊन लांब बसले. रालिकचे खांदे भरून आले.

“साफ आहे,” एक गडी म्हणाला. “बुद्धच तो. त्याला काय होतंय?”

“गप रे,” रालिक म्हणाली.

“मान गार लागायला लागली,” मेनंद म्हणाला. “थांब.”

ती थांबली. मान वाळू दिली. तिसऱ्या प्रहरी पुन्हा धरलं. नाही. संध्याकाळी सगळे उठले, भदंत सुद्धा म्हणाले, “नसतीलच दाणे.” रालिकला घास गेला नाही. एकाच घमेल्यातला चुना. याला चार, त्याला पाच, आणि मधल्याला शून्य? शून्य कसं असेल? दाणे होतेच. आत बसले होते. वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती पुन्हा चुलीवर पाणी ठेवून बसली. मेनंद आला, फळीवर चढला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “रालके, इकडं ये.”

मानेला भेग होती. केसाएवढी. कानामागून खांद्यापर्यंत.

“ओल उतरली आत. आता वाफ दिली तर मी सांगू शकत नाही,” तो म्हणाला. “चुना आणलाय. ही भेग भरून घेतो आणि सोडून देऊ. सगळे म्हणतातच साफ आहे.”

किती सोपं होतं! हो म्हणायचं. सगळे म्हणतात साफ आहे, मीही म्हणते साफ आहे. कुणी तिला बोल लावणार नव्हतं.

“साफ नाहीये, काका.”

“कशावरून?”

“मी न गाळता दिला. मला माहीत आहे मी कसा दिला.”

मेनंदनं तिच्याकडं बघितलं. मग फळीवर नीट पाय रोवले, दोन्ही तळवे बुद्धाच्या डोक्याखाली घातले, एक मानेला, एक अंबाड्याखाली, तान्ह्या बाळाला धरतात तसं. “धर,” तो म्हणाला. “पण लवकर.”

तिनं नमदा उकळत्या पाण्यातून काढला, थोडाच पिळला आणि अगदी जवळ नेला. एक बोट अंतर. वाफेनं तिला बुद्ध दिसेना. मेनंदचा श्वास ऐकू येत होता. त्याच्या तळव्यांवर आता वजन येत होतं. भेगेतून मातीचा एक कण सुटला आणि फळीवर पडला.

“बास,” मेनंद म्हणाला.

“थोडं.”

“रालके, मान येतेय!”

“थोडं!”

टच्.

डाव्या डोळ्याखाली. लगेच दुसरा, हनुवटीवर. आणि मग एक मोठा, आतून कुणी ठोसा मारावा तसा, वरच्या ओठाचा अर्धा भाग घेऊन तिच्या गालावर आपटला. तिनं नमदा भिरकावून दिला. वाफ विरली. बुद्धाला ओठ नव्हता. त्याच्या मागं मेनंद उभा, घामानं निथळत. डोकं त्याच्या हातांत, जिथल्या तिथं. आणि ते हात दगडासारखे स्थिर होते.

“किती?” त्यानं विचारलं.

“तीन.”

“झाले?”

तिनं कान लावला. कितीतरी वेळ लावला.

“मला ऐकू आलेले तीन,” ती म्हणाली.

मानेला टेकू दिला. मेनंदनं त्या दुपारी ओठ नव्यानं केला, जुन्या चुन्यात. चार दिवस सगळं वाळलं. पौर्णिमेला बुबुळं रंगली, वक्षबंद आपलं नाक बघून खूश झाला. तक्षशिलेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

रालिकचा निवाडा आदल्या दिवशीच झाला होता. उपोसथाला, म्हणजे भिक्खूंच्या दोष कबूल करायच्या दिवशी, सगळ्या गड्यांसमोर तिनं काय केलं ते तिलाच सांगायला लावलं. मग भदंत म्हणाले, “तुती पिकेपर्यंत कुंडाला हात लावायचा नाही. गडी बघतील. तू रोज कोनाड्यासमोर बसायचं, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. काही फुटलं तर पहिल्यांदा तुला कळायला हवं. तोवर काही झालं नाही तर कुंडं तुझी. झालं तर नाही.”

तेव्हापासून ती तिथं बसते. मांडी घालून, पाठ ताठ, नजर बुद्धाच्या तोंडावर, पापणी लवत नाही. समोर फुलं साचतात, दिवे लागतात, लोक येतात आणि जातात. कुणाशी बोलत नाही. भाकरी सुद्धा हळू चावते.

तुती अजून हिरवी होती. कपिशेकडून आलेली एक म्हातारी यात्रेकरू तिच्याशेजारी बसली. बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली. मग भारावून तिच्या पायाला हात लावला.

“बाई गं, काय ही भक्ती! मी एवढे विहार हिंडले, असं ध्यान कुठं बघितलं नाही. पोरी, सांग ना, काय दिसतं तुला त्याच्या चेहऱ्यात?”

“आजी,” रालिक नजर न हलवता म्हणाली, “पाया पडते, पण गप्प बसा. ऐकू द्या मला.”